देवा, जेवलास का?

होतं एक गाव. त्या गावाला राजा नव्हता, राणी नव्हती, पण डोंगर होता. डोंगर एवढा मोठा, की सकाळी सूर्याला त्याच्यावरून चढून यायला उशीर व्हायचा. त्यामुळे त्या गावात सगळेच जरा उशिरा उठायचे, बरं का. त्याला म्हणायचे देवाचा डोंगर. त्याच्यावर देऊळ नव्हतं, पायऱ्या नव्हत्या, घंटाही नव्हती. पण देव तिथं राहतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

मग त्या गावाची एक रीत होती. दिवेलागण झाली, तव्यावरची शेवटची भाकरी उतरली, की घरातली बाई उंबऱ्यावर यायची. दोन्ही हात तोंडाशी धरायची आणि डोंगराकडे बघून मोठ्यानं विचारायची, "देवा, जेवलास का रे?"

आता डोंगर म्हटला की हाक परत देणारच. तिकडून यायचं, "का रे... का रे..." मग बाई हात जोडायची आणि आत जाऊन पानं वाढायची. देवाला विचारल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नसे. या घरातून हाक, त्या घरातून हाक, सगळं शिवार हाकांनी भरून जायचं. हीच त्यांची पूजा आणि हीच आरती. आपल्या माणसाला आपण विचारतो ना, तसं ते देवाला विचारायचे.

त्या हाकांचा आणखी एक उपयोग होता, तो नीट ध्यानात ठेवा. डोंगराच्या माथ्यावर ढग बसायचे. असे दाट, की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये. खाली उतरायची वाट एकच, आणि दोन्ही अंगाला कडे. पाय चुकला की संपलं. मग डोंगरापलीकडून येणारा माणूस काय करायचा? माथ्यावरच्या दगडावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. खालून हाका आल्या की त्यांच्या रोखानं एकेक पाऊल टाकत उतरायचा. हाकाच त्याला घरी आणायच्या.

त्या गावात भिवरा नावाची एक बाई राहायची. तरणीच होती. नवऱ्याचं नाव रायबा. एक पोर होती, ठमी, आणि एक बैल होता, तांबड्या. भिवराचा स्वभाव फार काळजीचा. दूध चुलीवर ठेवायच्या आधीच ते उतू जाईल म्हणून भिणारी. ठमी शिंकली तरी ही काढा उकळायला बसायची. रायबा थट्टा करायचा, म्हणायचा, हिला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी लागते. भिवरा हसायची, आणि दाराची कडी पुन्हा एकदा बघून यायची.

पण संध्याकाळी उंबऱ्यावर उभी राहून देवाला हाक मारली, की तिचा जीव जरा खाली बसायचा. दिवसभराचं ओझं उतरवून ठेवल्यासारखं वाटायचं. म्हणून तिची हाक सगळ्यांपेक्षा मोठी असायची, आणि जरा लांबसुद्धा.

मग काय झालं, एका वर्षी पाऊस आलाच नाही. ढग यायचे, डोंगरावर बसायचे, खाली मात्र एक थेंब नाही. पेरलेलं अर्धं जळलं. उरलेलं कसंबसं हिरवं राहिलं, तर त्यावर टोळ आले. आभाळ काळं करून आले आणि जाताना काडीसुद्धा ठेवली नाही. आणि एवढ्यानं झालं नाही म्हणून की काय, गावात तापाची साथ आली. घरोघरी माणसं पांघरुणात कुडकुडत पडली. एकावर एक अशी तीन संकटं.

नाही रे, वाघ येत नाही या गोष्टीत. ऐक गुपचूप.

तर त्या गावचे लोक पाहुण्याच्या बाबतीत फार जपून असायचे. चुलीवर काही नसेल तर आल्यागेल्याला 'जेवलात का' असं विचारायचं नाही. तो 'नाही' म्हणाला तर त्याच्या पुढ्यात काय ठेवणार? पाहुण्याची फजिती आणि आपलीही. त्यांचं म्हणणं तसं काही खोटं नव्हतं. पण त्यांनी काय केलं, तोच नियम देवालाही लावला. ज्या घरात पातेलं रिकामं, त्या घरातली बाई उंबऱ्यावर येईनाशी झाली. विचारायचं कसं? देव म्हणाला, नाही जेवलो, तर?

आधी एका घरातली हाक थांबली. मग शेजारची. टोळ येऊन गेले तेव्हा अर्ध्या गावाची थांबली. साथ आली आणि मग तर संध्याकाळ झाली की गाव नुसतं चिडीचूप. माणसं दारं लोटून घ्यायची, डोंगराकडे बघायचीसुद्धा नाहीत. ज्याचं देणं राहिलंय त्याच्या दारावरून आपण मान खाली घालून जातो ना, तसं.

भिवराच्याही घरात एक दिवस काही उरलं नाही. पातेलं पालथं घातलं होतं. दिवेलागण झाली. ठमी येऊन पदर ओढायला लागली, आई, हाक मार ना. डोंगर बोलल्याशिवाय तिला झोप यायची नाही, बरं का. भिवरा उंबऱ्यावर गेली खरी, पण हाक मारायची तिला लाज वाटली. मग तिच्या मनात आलं, की मी माहेरी गेले आणि आईच्या घरात काही नसलं, तर आई मला विचारायची थांबेल का? ती आधी विचारेल, आणि मग दोघी मिळून उपाशी बसू.

तिनं हात तोंडाशी धरले आणि म्हणाली, "देवा, जेवलास का रे? घरात काही नाही, पण विचारते."

तिकडून आलं, "विचारते... विचारते..."

ठमी खुदकन हसली. म्हणाली, "आई, देव पण विचारतो." आणि उपाशीच, पण हसत झोपली.

त्या दिवसापासून भिवरा रोज तसंच विचारायला लागली. कधी रानातून कंद मिळायचे, ते उकडायची आणि विचारायची. कधी मूठभर कण्यांची पेज व्हायची, तेव्हा विचारायची. काहीच नसलं तरी विचारायची, आणि काही नाही हे सांगायची. मागायची मात्र काही नाही. म्हणजे मनात पुष्कळ असायचं, पण उंबऱ्यावर उभी राहिली की ते आठवायचंच नाही.

आता चूल पेटत नाही आणि रोज हाक कसली, हे लोकांना खुपायला लागलं. शेजारी बयाकाकी राहायची. जिभेची तिखट, मनानं वाईट नाही. ती एकदा मधल्या काटक्यांच्या कुडावरून म्हणाली, "काय गं भिवरे, रिकाम्या पातेल्यावर पाहुणा बोलावतेस होय? आला तर काय त्याला पातेलं चाटायला देशील?" भिवरानं कंदांची माती झटकली आणि आत गेली.

मग पाटील आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, की पोरी, तुझी हाक ऐकली की बाकीच्या घरांतून माना खाली जातात. दिवस वाईट आहेत. चांगले दिवस आले की सगळे मिळून विचारू, वाजतगाजत विचारू. तोवर राहू दे. भिवरानं नुसता पदर नीट केला.

तिसऱ्यांदा सांगणारं मात्र बाहेरचं कुणी नव्हतं. ते तिचंच मन होतं. ते म्हणायला लागलं, की अगं वेडे, हा नुसता डोंगर आहे. तूच हाक मारतेस आणि तुझीच हाक परत येते. तिथं कुणी नाही. पण संध्याकाळ झाली, ठमीनं पदर ओढला, आणि ती उंबऱ्यावर गेली. उत्तर नव्हतं, तरी गेली.

मग रायबा एक दिवस म्हणाला, की असं बसून चालायचं नाही. डोंगरापलीकडे, घाटाच्या खाली, भाताची कापणी सुरू झालीय. मजुरीला धान्य देतात. मी तांबड्याला घेऊन जातो, पोतं भरून आणतो. पेरायलाही होईल आणि खायलाही. भिवरा म्हणाली, येताना माथ्यावर ढग असले तर? रायबा म्हणाला, "तुझी हाक आहे की. सगळ्या गावाची थांबली तरी तुझी येईल. मी तिच्या रोखानं उतरेन." मग त्यानं ठमीचा गालगुच्चा घेतला, तांबड्याच्या पाठीवर रिकामं पोतं टाकलं आणि गेला.

झालं. आता भिवराच्या हाकेवर एका माणसाचा जीव होता. ती आणखी मोठ्यानं हाक मारायला लागली. रोज संध्याकाळी, दिवे लागले की. कितीतरी दिवस गेले. रायबा आला नाही. वर ढग बसलेलेच. दिवसभर ती रानात कंद खणायची, धुळीत, उन्हात, आणि संध्याकाळी सगळा जीव घशात आणून हाक मारायची.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी ती उठली, ठमीला हाक मारायला गेली, तर तोंडातून नुसती हवा. घसा पार बसला होता. अंगात ताप होता. ती गरम पाणी प्याली, तिनं तुळशीची पानं चावली, मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या. दिवसभर कुणाशी बोलली नाही, की संध्याकाळपुरता तरी आवाज उरावा. दिवेलागण झाली. उंबऱ्यावर उभी राहिली, हात तोंडाशी धरले. शब्दच नाही. वाळक्या पानावरून वारा जावा, एवढाच आवाज झाला.

भिवराच्या मनात रायबा आला. आजच आले असतील तर? वर बसले असतील, वाट बघत असतील तर? तिनं ठमीला पुढं केलं. ठमीनं बिचारीनं जोर लावला, पण तिचा आवाज कितीसा? ओढ्यापर्यंतसुद्धा गेला नाही. मग भिवरानं रिकामं पातेलं आणलं आणि पळीनं बडवलं. त्या दिवशी ढग डोंगरावरून खाली थेट गावापर्यंत उतरले होते. आवाज त्यांच्यात कापसात घुसावा तसा घुसला आणि तिथंच राहिला.

मग ती धावत बयाकाकीच्या दारात गेली. हातानं डोंगर दाखवला, तोंड दाखवलं, हात जोडले. माझ्याऐवजी तू विचार. बयाकाकीला सगळं कळलं. पण ती मान फिरवून म्हणाली, "मी कुठल्या तोंडानं विचारू गं? इतके दिवस त्याला विचारलं नाही. आता काम पडलं म्हणून विचारू?" आणि पदरानं डोळे पुसायला लागली. तिखट माणसं अशीच असतात, बरं का. आत सगळी ओली.

भिवरा घरी आली. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. ठमीला मांडीवर घेतलं. डोंगर दिसत नव्हता, तरी तो जिथं होता तिकडे तोंड केलं. आणि मनातल्या मनात म्हणाली, देवा, आज हाक नाही. आवाज गेलाय. पण मी इथं आहे, रोजच्या जागी.

आणि तशीच बसून राहिली.

मग काय झालं, सगळं गाव गप्प होतं. कुणी बोललं नव्हतं, कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. आणि डोंगरावरून हाक आली.

"भिवरे... जेवलीस का गं?"

कुणी हाक मारली नव्हती, तरी डोंगर बोलला होता. तोही नाव घेऊन.

दारं धडाधड उघडली. माणसं अंगणात आली. तापानं पडलेलीसुद्धा भिंतीला धरून उभी राहिली. पाटील पागोटं न घालताच बाहेर आले. सगळे भिवराकडे बघायला लागले, की आता ही उत्तर देईल. भिवरा उठली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, पण आवाज कुठला?

वरून पुन्हा हाक आली. या वेळी जरा काळजीची.

"भिवरे... जेवलीस का गं?"

तेव्हा बयाकाकी कुडाशी आली. दोन्ही हात तोंडाशी धरले. आधी तिचा आवाज थरथरला, मग मोकळा झाला. ती म्हणाली, "नाही रे देवा, नाही जेवली ती. आम्ही कुणीच नाही जेवलो. तू जेवलास का रे?"

झालं, बांधाला भोक पडावं तसं झालं. पलीकडच्या घरातून हाक आली, "देवा, जेवलास का रे?" मग त्याच्या पलीकडून. मग खालच्या आळीतून. म्हातारीकोतारी, पोरंटोरं, सगळी विचारायला लागली. इतक्या दिवसांची राहिलेली हाक सगळ्यांनी एकदम मारली. ढग जाड होते, पण सगळ्या गावाच्या आवाजापुढं त्यांचं काय चालणार? आवाज त्यांच्यातून आरपार गेला. आणि गाव थांबेना. विचारतच राहिलं.

बऱ्याच वेळानं ओढ्याच्या अंगाला घुंगरू वाजलं. ढगातून आधी दोन शिंगं आली, मग तांबड्या आला, त्याच्या पाठीवर फुगलेलं पोतं, आणि त्याच्या शेपटाला धरून रायबा. ठमी धावत गेली आणि बापाच्या पायाला चिकटली. भिवरा जागच्या जागी खाली बसली.

मग रायबाला पाणी दिलं, बसवलं, आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. हाक तूच मारलीस का रे, असं पाटलांनी विचारलं. रायबा म्हणाला, नाही, मी नाही. आणि त्यानं जे सांगितलं ते असं.

तो दुपारीच माथ्यावर पोचला होता. ढग इतके, की तांबड्याची शिंगं दिसेनात. म्हणून रीतीप्रमाणे दगडावर बसला, हाकेची वाट बघत. तिथं आणखी एक म्हातारा बसला होता. खांद्यावर घोंगडी, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. रायबाला वाटलं, असेल कुणी धनगर. संध्याकाळ झाली. म्हातारा सारखा खाली कान लावायचा. मग त्याची चुळबुळ सुरू झाली. म्हणाला, "आज हाक कशी नाही आली? रोज या वेळेला येते. ती आल्याशिवाय मी भाकरी सोडत नाही." रायबा म्हणाला, बाबा, भूक लागली असेल तर खा की. म्हातारा म्हणाला, पहिल्यांदा खूप जण विचारायचे. मग एकटीच विचारायची. आज तीही नाही. पोरीला काही झालं तर नसेल? असं म्हणून तो उठला, कड्याच्या टोकाशी गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि त्यानंच विचारलं.

मग खालून सगळ्या गावाचा आवाज आला. रायबा म्हणाला, की म्हातारा ते ऐकत किती वेळ नुसता उभा होता. मग म्हणाला, "आता जेवतो." फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी रायबाच्या हातात दिली. म्हणाला, ही घरी ने. आणि ऊठ, हाका चालू आहेत तोवर उतर. रायबानं दोन पावलं टाकून मागं बघितलं, तर दगडावर कुणी नव्हतं.

एवढं सांगून रायबानं कंबरेचं फडकं सोडलं. आत अर्धी भाकरी होती. एवढा डोंगर उतरून आला होता, गारठ्यात, ओल्या ढगात. पण भाकरी अजून गरम होती. तव्यावरून आत्ता उतरवावी तशी.

सगळ्यांना एकच कळलं. देवाजवळ त्याची भाकरी होती. ती त्यानं कधी कुणाकडे मागितली नव्हती. तो फक्त विचारायची वाट बघत बसला होता.

भिवरानं ती भाकरी मोडली. पहिला तुकडा ठमीला दिला. मग प्रत्येक घराला चिमणीच्या घासाएवढा तुकडा दिला. बयाकाकी लाजून मागं सरकली, तर भिवरानं तिला कुडाशी गाठून तिच्या तोंडातच घातला. बयाकाकी चावता चावता म्हणाली, मीठ जरा कमी आहे. मग सगळे हसले. कितीतरी दिवसांनी हसले, बरं का.

पुढं काय, पोत्यातलं धान्य वाटून घेतलं. रायबाचं बघून बाकीचेही कापणीला गेले, तेही पोती घेऊन आले. ताप उतरला. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर पडला. भिवराचा आवाज आठवड्याभरात आला, जरा घोगरा, तो तसाच राहिला. काळजी करायची मात्र ती थांबली नाही, स्वभावच तो. पण कडी एकदाच बघायला लागली.

आणि त्या गावात दिवस बरे असोत की वाईट, पातेलं भरलेलं असो की पालथं, दिवेलागणीला हाक कधी चुकली नाही. एखाद्या घरातली बाई आजारी असली तर शेजारीण तिच्या वाटची हाक मारायची. डोंगरावरून परत यायचं, "का रे... का रे..." आणि मग सगळे पोटभर जेवायचे, गाढ झोपायचे.

आता तुम्ही जेवलात का, ते काही मी विचारत नाही. ताटं मीच उचललीत. तुम्ही आपलं त्याला विचारा. मोठ्यानं नको, शेजारी झोपलेत. मनात विचारलं तरी जातं तिथपर्यंत. विचारलंत? मग आता ओढा पांघरूण, आणि मिटा डोळे.